शिकत्या मुलांची कमाई आणि घरचा कर

चवथीच्या दिवसांत गोव्यातील घरे माणसांनी भरतात, आणि आरत्या आटोपून मंडळी माटोळीखाली बसली म्हणजे कोणता विषय कोठून निघेल ह्याचा नेम नसतो. मागे एका चवथीस पेडणे तालुक्यातील आमच्या एका आप्तांकडे आम्ही असेच बसलो होतो. घरची कन्या एकोणीस वर्षांची. महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला. मोप्याच्या विमानतळावरील एका दुकानात संध्याकाळच्या पाळीला ती काम करू लागली होती आणि दरमहा चौदा हजार रुपये घरी आणीत होती. दोन महिने झाल्यावर मालकाने तिच्याकडे पॅन क्रमांक मागितला. वडिलांनी तो देऊ दिला नाही. "तिची मिळकत माझ्या मिळकतीत धरतील, मी वरच्या टप्प्यात जाईन, ती मिळवील त्यापेक्षा माझाच कर जास्त जाईल," असा त्यांचा हिशेब. मुलीने नोकरी सोडली. आम्हांस हे कळले तेव्हा नोकरी सुटून तीन आठवडे झाले होते, आणि मोदकाचे ताट पुढे असूनही ती पोर गप्पच होती.

गृहस्थ अडाणी नव्हेत. सरकारी खात्यात वीस-बावीस वर्षे काढलेला मनुष्य. तरीही त्यांना असे वाटावे ह्याला कारण आहे, आणि ते कारण केवळ त्यांच्या घरचे नाही. पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांत शिकता शिकता कमावणाऱ्या मुलामुलींची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. २०२३ च्या जानेवारीत मोप्याच्या विमानतळावरून विमानांची ये-जा सुरू झाली. हरमल, मांद्रे, मोरजी ह्या किनारपट्टीवर हंगामी कामे मिळतात. तुयें येथे औद्योगिक वसाहत आहे. डिचोलीची गोष्ट वेगळी आणि अधिक कडू. तेथे २०१२ साली खाणी थांबल्या, मधल्या काळात काही सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ज्यांच्या दारात कर्जाऊ ट्रक उभा होता त्यांच्या मुलांनी महाविद्यालय सोडले नाही, पण हातखर्च आणि कधी कधी घरखर्चही स्वतः उचलला. पुढे लिलाव होऊन काही खाणी पुन्हा सुरू झाल्या. मुलांची कमावण्याची सवय मात्र राहिली. तेव्हा ह्या मुलांच्या पैशांचा बापाच्या करावर काय परिणाम होतो, हे एकदा स्वच्छ सांगितलेले बरे.

मूळ गोष्ट अशी की आपल्याकडे आयकर हा माणसावर आहे, घरावर नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा अथवा मुलगी ही करखात्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती. तिचा पॅन स्वतंत्र, तिची करमुक्त मर्यादा स्वतंत्र, तिचे विवरणपत्र स्वतंत्र. ती त्याच घरात जेवते, तिची फी बाप भरतो, रेशनपत्रिकेवर तिचे नाव बापाखाली आहे, ह्यांपैकी कशानेही तिची कमाई बापाच्या मिळकतीत जात नाही. आमच्या आप्तांच्या कन्येची वर्षाची कमाई झाली असती एक लाख अडुसष्ट हजार. तीवर तिला स्वतःलाही एक रुपया कर पडला नसता.

मग हा गैरसमज येतो कोठून? आमच्या मते त्याचा उगम गोव्याच्याच कायद्यात आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८६९ साली समुद्रापलीकडच्या प्रांतांस लागू झाली, आणि तिच्यामुळे येथे विवाहाने पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. विवाहापूर्वी निराळा करार केला असेल तर गोष्ट वेगळी. भारतीय आयकर कायदा १ एप्रिल १९६३ पासून गोव्यात आला तेव्हा ह्या सामाईक मिळकतीवर कर कोणाकडून घ्यावा असा पेच पडला, आणि त्यावर कोर्टकचेऱ्या पुष्कळ झाल्या. अखेर १९९४ च्या वित्त कायद्याने '५-अ' हे कलम घातले व ते थेट १९६३ पासून लागू केले. त्याचा सारांश असा: पगार ज्याने मिळवला त्याचा, बाकीची मिळकत, म्हणजे दुकानाचा नफा, घरभाडे, ठेवींचे व्याज, मालमत्ता विकून झालेला लाभ, ही नवराबायकोंत निम्मी निम्मी धरायची. विवरणपत्रात त्यासाठी स्वतंत्र परिशिष्टही असते.

आता ज्या घरात बायकोच्या शिवणकामाचे अर्धे उत्पन्न नवऱ्याच्या कागदावर आणि नवऱ्याच्या भाड्याचे अर्धे बायकोच्या कागदावर वर्षानुवर्षे लिहिले जाते, तेथे 'घरात येईल ते सगळ्यांचे' अशी समजूत व्हावी ह्यात नवल नाही. आमच्या आप्तांकडे नेमके हेच झाले होते. त्यांचा पगार नऊ लाख. पत्नीच्या शिवणकामाची मिळकत दोन लाख चाळीस हजार. तिच्यातले एक लाख वीस हजार त्यांच्या नावे जातात. "बायकोचे येते तर मुलीचे का नाही येणार?" हा त्यांचा प्रश्न तर्काला धरून होता. उत्तर एवढेच की सामाईकपणा पतिपत्नींचा आहे. मुले त्यात नाहीत. (विवाहित विद्यार्थ्याच्या बाबतीत तो लागेल, पण तेव्हाही त्याच्या जोडीदाराशी, आईबापांशी नव्हे.)

तेरेखोल नदी ओलांडून सावंतवाडी-दोडामार्गाकडे गेले की कायदा बदलतो. तेथे ५-अ नाही. उलट हिंदू अविभक्त कुटुंब ही करापुरती एक निराळी व्यक्ती मानली जाते. पेडण्यातील कित्येक घरांची मुळे १७८८ पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानात आहेत आणि नातीगोती अजून पलीकडे आहेत. त्यामुळे एकाच कुळातल्या दोन शाखांना दोन तऱ्हांचे सल्ले मिळतात व ते चवथीला एकमेकांत मिसळतात. पण तिकडेही शिकलेल्या मुलाची कमाई त्याचीच. आपल्या स्मृतिकारांनी 'विद्याधन' वेगळे मानले होते. मात्र कुटुंबाच्या पैशाने शिकलेल्या मुलाच्या मिळकतीवर कुटुंबाचा हक्क किती, ह्यावर इंग्रजी अमलात वाद माजले. ते मिटविण्यासाठी बॅ. मुकुंदराव जयकरांच्या पुढाकाराने १९३० साली स्वतंत्र कायदा झाला, आणि शिक्षणाचा खर्च घराने केला असला तरी त्या विद्येची कमाई शिकणाऱ्याचीच, असे ठरले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता, म्हणून तो कायदा आपल्याकडचा नव्हे. परंतु मराठी घरांत हा प्रश्न किती जुना आहे हे त्यावरून कळावे.

अज्ञान मुलांची गोष्ट निराळी आहे, आणि गोंधळाचे दुसरे मूळ येथे आहे. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकताना पुष्कळ मुले सतरा वर्षांचीच असतात. १९९२ च्या वित्त कायद्याने असे ठरविले की अज्ञान अपत्याची मिळकत आईबापांपैकी ज्याची एकूण मिळकत अधिक, त्याच्या मिळकतीत मिळवावी. जुन्या करपद्धतीत दर मुलामागे पंधराशे रुपयांची सूट आहे, तेवढी सोडून. परंतु त्याच कायद्याने एक मोठा अपवाद ठेवला: अपत्याने अंगमेहनतीने, किंवा स्वतःचे कौशल्य, कला अथवा विशेष ज्ञान वापरून मिळविलेले पैसे त्याचेच राहतात. म्हणजे साखळीचा सतरा वर्षांचा मुलगा भजनाच्या कार्यक्रमांत पखवाज वाजवून मानधन मिळवीत असेल, तर ते बापाच्या माथी येत नाही. त्याच मुलाच्या नावाने आजोबांनी दोन लाखांची मुदत ठेव ठेवली असेल आणि तिचे चौदा हजार व्याज आले, तर ते येते. इतकेच काय, पखवाजाच्या मानधनातूनच ठेव केली, तरी तिचे व्याज मिळविले जाते. ठेवीला कौशल्य लागत नाही, एवढाच त्यातला अर्थ. अठरावा वाढदिवस झाला की त्या दिवसापासूनचे व्याजही मुलाचेच.

आता ज्यांत बापाच्या कराला खरोखर धक्का लागतो अशा गोष्टींकडे वळू. त्या थोड्या आहेत, पण लोक नेमक्या त्याच विसरतात. पहिली म्हणजे फी. जुन्या करपद्धतीत आईबापांना दोन अपत्यांच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या शिकवणी-शुल्काची वजावट मिळते; विमा, भविष्यनिर्वाह निधी वगैरे धरून एकूण दीड लाखाच्या मर्यादेत. देणगी आणि वसतिगृहाचा खर्च तीत बसत नाही. ह्या वजावटीसाठी मूल कमावते की नाही हे कोणी विचारीत नाही. विचारतात ते एवढेच, की फी भरली कोणी? आणि येथे अभिमानी मुले घरच्यांचे नुकसान करून बसतात. डिचोलीतील आमच्या परिचयाच्या एका तरुणाने अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षाची फी स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या खात्यावरून भरली. बापाचे डोळे भरून आले, ते योग्यच झाले. पण वजावट दोघांचीही गेली. बापाने फी भरली नव्हती म्हणून त्याला मिळेना, आणि स्वतःच्या शिक्षणाची फी स्वतःला वजा करता येत नाही म्हणून मुलालाही मिळेना. असे असेल तर फी बापाने आपल्या खात्यातून भरावी आणि मुलाने घरचे वाणसामान भरावे. अभिमान तोच राहतो.

दुसरी गोष्ट एका शब्दाची आहे: 'अवलंबून'. आरोग्यविम्याच्या हप्त्याची वजावट पत्नी आणि 'अवलंबून असलेली अपत्ये' ह्यांच्यापुरती आहे. मूल स्वतःच्या पोटापुरते मिळवू लागले की तो शब्द त्याला लागत नाही आणि त्याच्या वाट्याचा हप्ता बापाने वजा करणे अडचणीचे होते. अपंग मुलाच्या बाबतीत हे अधिक जपून पाहावे. अशा अवलंबून अपत्यासाठी बापाला पंच्याहत्तर हजारांची, अपंगत्व तीव्र असल्यास सव्वा लाखाची वजावट आहे. पण मुलाने स्वतः कमावून आपल्या विवरणपत्रात अपंगत्वाची वजावट घेतली, तर बापाची जाते. दोघांपैकी कोणाच्या कागदावर ती जास्त उपयोगाची, हे आधी बसून ठरवावे लागते.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट ज्याने कर्ज घेतले आणि व्याज फेडले त्याला, आठ वर्षांपर्यंत. गोवा शिक्षण विकास महामंडळाचे कर्ज बिनव्याजी असते, तेव्हा तेथे वजा करण्यासारखे काही उरतच नाही. मुद्दलाच्या परतफेडीला वजावट नाही.

हे सारे जुन्या पद्धतीचे. २०२३-२४ पासून नवी करपद्धती ही मूळची धरली जाते, आणि तीत ह्या वजावटी नाहीत. उलट, २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या मिळकतीवर सवलतीमुळे कर शून्य होतो. आमच्या आप्तांचा हिशेब आम्ही तेथेच, आरतीच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर केला. पगार नऊ लाख, त्यातून प्रमाणित वजावट पंच्याहत्तर हजार, वर शिवणकामाचा अर्धा हिस्सा एक लाख वीस हजार. एकूण नऊ लाख पंचेचाळीस हजार. कर शून्य. म्हणजे ज्या कराच्या भीतीने मुलीची नोकरी गेली, तो कर मुलीचा तर नव्हताच. त्या वर्षापुरता बापाचाही नव्हता. गृहस्थ बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. पत्नी आतून म्हणाली, "मी सांगत होते, कोणाला तरी विचारा." १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो, कलमांचे क्रमांक बदलतात, परंतु पतिपत्नींची निम्मेनिम्म वाटणी आणि अज्ञान मुलांविषयीचे नियम त्यातही आहेत.

भीतीची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू लोभाची आहे, आणि तीविषयी बोलायला चवथीला कोणी धजत नाही. किनाऱ्यालगत घरातल्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. भाडे हल्ली फोनवरून येते, आणि फोन मुलाला चांगला कळतो, म्हणून ते मुलाच्या खात्यात घेतले जाते. "त्याला कुठे कर लागतो?" असे वर सांगितले जाते. घर आईबापांचे असेल तर भाडे त्यांचेच, निम्मे निम्मे. ते कोणत्या खात्यात पडले ह्याने मालक बदलत नाही. मात्र मुलाच्या वार्षिक माहितीपत्रात बँकेकडून आलेल्या नोंदी दिसतात, आणि वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या खात्यात हंगामात चार-पाच लाख कोठून आले, असे विचारणारी नोटीस येते ती त्याच्या नावाने. परीक्षेच्या दिवसांत ती आली तर पाहायलाच नको.

सज्ञान मुलाला खरोखरीच रक्कम देऊन टाकली आणि त्याने ती ठेवीत ठेवली, तर व्याज त्याचे. ह्याला कायद्याची हरकत नाही व देणगीवर करही नाही. पण देऊन टाकली म्हणजे दिलीच. परत मागायची अट मनात ठेवून दिलेली रक्कम ही देणगी नव्हे. शिवाय गोव्यात पुढे इन्व्हेंटरीच्या वेळी एका अपत्याला पूर्वी काय दिले होते हे भावंडे काढतातच, आणि वाटणीत ते जमेस धरण्याची तरतूद येथल्या वारसा कायद्यात आहे. दोन-पाच हजारांचा कर वाचविताना हे लक्षात असावे.

दुकानदारांचाही एक प्रश्न असतो. डिचोलीच्या बाजारात संध्याकाळी गल्ल्यावर बसणारा मुलगा सकाळी वाणिज्य शाखेत शिकत असतो. त्याला पगार दाखवावा का? खरोखर काम करीत असेल, पगार कामाच्या मानाने असेल आणि बँकेतून दिला असेल, तर जरूर दाखवावा. परक्या नोकराला दहा हजार आणि मुलाला चाळीस हजार, असे असेल तर वरचे अधिकारी नाकारतील. नातलगांना दिलेल्या अवाजवी रकमा अमान्य करण्याचा त्यांना अधिकार आहे. आणि पुष्कळ लहान दुकानदार उलाढालीच्या आठ किंवा सहा टक्के नफा धरून कर भरतात. त्यांनी मुलाला कितीही पगार दिला तरी तो नफा कमी होत नाही, कारण सर्व खर्च त्या टक्केवारीत आधीच धरलेले असतात. ही साधी गोष्ट सांगितल्यावर एका जुन्या दुकानदारांनी आमच्याकडे संशयाने पाहिले होते.

कर आणि दाखला ह्यांची गल्लत मात्र करू नये. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी कुटुंबाची मिळकत मोजतात तेव्हा अर्जदार विद्यार्थ्याची स्वतःची कमाई तीत धरतात. मर्यादा आठ लाखांची. आईबापांचे सहा लाख ऐंशी हजार आणि मुलाचे दीड लाख असतील, तर कर कोणालाच नाही, पण दाखला गेला. इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्याचे तसे नाही. तेथे आईबापांची स्थिती पाहतात, मुलाची कमाई पाहत नाहीत. ज्या घरात असा दाखला लागणार आहे त्यांनी मुलाने वर्षभर काम करावे की सुटीपुरते, ह्याचा विचार आधी करावा. ही भीती खरी आहे.

परदेशी गेलेल्या आप्तांचे सल्लेही येथे कामाचे नाहीत. अमेरिकेत चोवीस वर्षांखालील पूर्णवेळ विद्यार्थ्याला बाप आपला आश्रित म्हणून दाखवू शकतो, आणि मुलाने स्वतःच्या निम्म्याहून अधिक खर्चाचा भार उचलला तर तो हक्क जातो. तेथला काका फोनवर "मुलाने जास्त कमावले तर तुझे नुकसान" असे सांगतो, ते तेथे बव्हंशी बरोबर असते.

राहता राहिला पॅन क्रमांक. तो दडविण्याने काही वाचत नाही. उलट ज्या रकमांतून कर आधीच कापून घेतला जातो, त्यांत पॅन नसल्यास कपात बहुधा वीस टक्क्यांनी होते. डिचोलीच्याच एका मुलाने सुटीत एका कंपनीसाठी संगणकावर आरेखनाचे काम केले. साठ हजार ठरले होते, हातात चोपन्न आले. सहा हजार त्याच्या पॅनवर सरकारात जमा झाले होते. त्याची मिळकत करपात्र नव्हती, तेव्हा विवरणपत्र भरताच ते परत मिळाले असते, पण "तुला कुठे कर आहे, तू कशाला भरतोस?" असे घरच्यांनी सांगितले आणि मुदत टळली. मागाहून भरायच्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही. सहा हजार म्हणजे त्या पोराचे पाच-सहा महिन्यांचे बसभाडे.

आमच्या आप्तांनी चवथीनंतर मुलीला घेऊन विमानतळावरचे ते दुकान गाठले. जागा भरली होती. मालकाने सभ्यपणाने सांगितले, आणि परतीच्या वाटेवर बापलेकी फारसे बोलली नाहीत, असे तिच्या आईकडून कळले. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा मांद्रे येथे एका हॉटेलाच्या हिशेबखात्यात तिला शनिवार-रविवारचे काम मिळाले. पैसे पूर्वीपेक्षा कमी आहेत. पॅन क्रमांक तिने पहिल्याच दिवशी दिला, आणि त्याची झेरॉक्स वडिलांनी स्वतः काढून आणली होती.